प्रबंधाचे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर: निवडीपासून बाइंडिंगपर्यंत

एमए असो, एमएससी, एमडी किंवा पीएचडी, संदर्भांच्या बाबतीत बहुतेक विद्यार्थी एकाच ठिकाणी अडकतात. सॉफ्टवेअर बसवलेलं असतं, पीडीएफ त्यात भराभर टाकलेल्या असतात. प्रबंध जमा करायची तारीख जवळ आली की दिसतं, सूचीतली कितीतरी नावं उलटी आहेत, 'महाराष्ट्र शासन' कुणा व्यक्तीच्या आडनावासारखं छापलंय आणि एकच लेख दोनदा आलाय. मग वर्डमध्ये एकेक ओळ हाताने सुधारणं सुरू होतं. दुसऱ्या दिवशी एक नवा संदर्भ घालताच प्लगइन (वर्डला जोडलेला त्या सॉफ्टवेअरचा भाग) पूर्ण सूची पुन्हा तयार करतं आणि हाताने केलेलं सगळं पुसून जातं.

म्हणून एक नियम आधीच सांगतो: दुरुस्ती लायब्ररीत करायची, वर्डमध्ये नाही. लायब्ररी म्हणजे सॉफ्टवेअरमधला तुमचा नोंदींचा साठा. पुढचे सगळे टप्पे हा नियम पाळता यावा अशा क्रमाने दिले आहेत, त्यामुळे क्रम बदलू नका.

उदाहरणं ठाणे-नवी मुंबईतल्या विद्यार्थ्यांची घेतली आहेत, कारण इथली अडचण थोडी वेगळी आहे. निम्मी साधनं इंग्रजी नियतकालिकांतली, निम्मी मराठी पुस्तकं, शासन निर्णय आणि जुनी गॅझेटियर्स. दिवसा कॉलेजचा संगणक, रात्री घरचा लॅपटॉप, मधल्या वेळात ट्रान्स-हार्बरच्या गाडीत हातातला मोबाइल. परदेशी विद्यार्थ्यांसाठी केलेल्या व्हिडिओंमध्ये यातलं फारसं काही सापडत नाही.

टप्पा १: डाउनलोड करण्याआधीची तयारी

१. संदर्भ लिहिण्याची शैली लेखी घ्या. 'एपीएमध्ये करा' एवढं पुरत नाही. कितवी आवृत्ती ते विचारा. एपीएची सातवी आवृत्ती २०१९ची, एमएलएची नववी २०२१ची. शिकागोची अठरावी २०२४ मध्ये आली, पण अनेक विभाग अजून सतराव्या आवृत्तीवर आहेत. नेरुळ-कामोठ्यातल्या एमडी-एमएसच्या विद्यार्थ्यांना बहुधा व्हँकुव्हर लागते, अभियांत्रिकीला आयईईई, शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र आणि व्यवस्थापनाला एपीए, भाषा विभागांना एमएलए. तरीही अंदाजावर जाऊ नका. विद्यापीठाची पुस्तिका एक सांगते आणि मार्गदर्शक दुसरं, असं झालं तर मार्गदर्शकांना ईमेल करून उत्तर लेखी मिळवा.

२. विभागाच्या ग्रंथालयातून गेल्या दोन वर्षांत मान्य झालेला एक प्रबंध काढा आणि त्याची संदर्भसूची मोबाइलवर टिपून ठेवा. मराठी आणि इंग्रजी संदर्भ एकत्र दिलेत की वेगळे, शासन निर्णय कसे लिहिलेत, संकेतस्थळ पाहिल्याची तारीख दिली आहे का, एवढं त्यातून नक्की कळतं.

३. लिखाण कशात करणार ते ठरवा: संगणकावरचं वर्ड, गूगल डॉक्स, लिब्रऑफिस की लेटेक. निवडीचा निम्मा निर्णय इथेच लागतो.

४. मार्गदर्शक आणि बरोबरचे विद्यार्थी काय वापरतात ते विचारा. रात्री अकरा वाजता प्लगइन रुसलं तर मदत त्यांच्याकडूनच मिळणार आहे.

टप्पा २: निवड

माझं मत स्पष्ट आहे. विभागाने दुसरं काही सक्तीचं केलं नसेल तर झोटेरो घ्या. ते मोफत आहे, त्याचा कोड खुला आहे आणि २००६पासून चालू आहे. वर्ड, लिब्रऑफिस आणि गूगल डॉक्स या तिन्हींत ते चालतं, आणि शैलींचा साठा १०,०००च्या वर आहे. मराठी साधनं हाताने नोंदवायला त्याचा फॉर्म सर्वांत सोयीचा वाटतो. मर्यादा एकच लक्षात ठेवा: ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या वर्डमध्ये त्याचं प्लगइन चालत नाही.

मेंडेलीही मोफत आहे. २०१३पासून ती एल्सेव्हिअर कंपनीकडे आहे आणि पीडीएफसाठी २ जीबी जागा देते. झोटेरोच्या मोफत ३०० एमबीपेक्षा ही पुष्कळ जास्त. पण वर्डपुरतंच काम असेल तरच तिचा विचार करा, गूगल डॉक्स आणि लिब्रऑफिसमध्ये तिचं सध्याचं प्लगइन चालत नाही. यूट्यूबवरचे जुने मराठी-हिंदी व्हिडिओ मेंडेली डेस्कटॉप दाखवतात; सप्टेंबर २०२२पासून ते नव्याने डाउनलोड करता येत नाही. आता मिळतं ते मेंडेली रेफरन्स मॅनेजर आणि त्याच्यासोबतचं मेंडेली साइट (Cite) हे वर्डचं प्लगइन. जुना व्हिडिओ पाहून नसलेली बटणं शोधत बसण्यात वेळ जातो.

एंडनोट पैसे देऊन घ्यावं लागतं. तुमच्या संस्थेकडे परवाना असेल आणि मार्गदर्शक तेच वापरत असतील तर जरूर घ्या, वैद्यकीय संशोधनात ते भक्कम आहे. स्वतःच्या खिशातून घेण्याइतकी गरज पदव्युत्तर प्रबंधाला क्वचितच पडते. कुणी पेन ड्राइव्हवर 'क्रॅक' केलेली प्रत दिली तर घेऊ नका. तिच्यासोबत व्हायरस आला तर प्रबंधही जाईल.

लेटेकमध्ये लिहिणाऱ्या गणित, भौतिकशास्त्र आणि संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी जॅबरेफ पाहावं किंवा झोटेरोला बेटर बिबटेक या प्लगइनची जोड द्यावी.

*इशारा:* एकाच फाइलमध्ये दोन सॉफ्टवेअरची प्लगइनं कधीही वापरू नका. आणि तीन प्रकरणं लिहून झाल्यावर 'मित्र म्हणतो दुसरं चांगलं आहे' म्हणून बदलू नका.

*तपासणी:* निर्णय पक्का करण्याआधी फक्त पाच नोंदी करून पाहा: एक इंग्रजी शोधनिबंध, एक मराठी पुस्तक, एक शासन निर्णय, शोधगंगावरचा (भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचा ऑनलाइन साठा) एक प्रबंध आणि एक वर्तमानपत्री लेख. कोऱ्या फाइलमध्ये त्यांची सूची काढून मार्गदर्शकांना दाखवा. त्यांनी होकारार्थी मान हलवली की पुढे चला.

इथून पुढचे तपशील झोटेरोचे आहेत. दुसरं काही निवडलं असेल तर बटणांची नावं बदलतील, क्रम तोच राहील.

टप्पा ३: बसवणं

१. वर्ड पूर्ण बंद करा. मग झोटेरो बसवा आणि एकदा उघडा. वर्डचं प्लगइन त्याच्यासोबतच येतं. वर्डमध्ये झोटेरोचा टॅब दिसला नाही तर झोटेरोच्या सेटिंग्जमध्ये 'साइट' (Cite) या भागात प्लगइन पुन्हा बसवायचं बटण आहे.

२. ब्राउझरमध्ये झोटेरो कनेक्टर घाला, म्हणजे उघडलेल्या पानाची नोंद एका बटणाने लायब्ररीत जमा होते. क्रोम, फायरफॉक्स, एज आणि सफारी, चारही चालतात. कनेक्टरशिवाय झोटेरो वापरणारे बरेच भेटतात आणि ते प्रत्येक नोंद हाताने भरत असतात.

३. खातं उघडा आणि सिंक (सगळ्या संगणकांवरची लायब्ररी सारखी ठेवण्याची सोय) चालू करा. कॉलेजचा ईमेल पदवीनंतर बंद होण्याची शक्यता असते, म्हणून खातं स्वतःच्या कायमच्या ईमेलवर काढा.

सिंकमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात. नोंदी, टिपणं आणि टॅग यांच्या सिंकला जागेची मर्यादा नाही आणि ते मोफत आहे. पीडीएफ फाइलींना मात्र ३०० एमबीच मोफत मिळतात. स्कॅन केलेली मराठी पुस्तकं असतील तर ती जागा लवकर भरते. मग वर्षाला २० डॉलर भरून २ जीबी घ्या, किंवा फाइलींचं सिंक बंद करून नोंदींचं तेवढं चालू ठेवा. दुसरा मार्ग बहुतेकांना पुरतो.

*इशारा:* जागा वाचवण्यासाठी झोटेरोचं फोल्डर गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये हलवू नका. त्यात चालू डेटाबेस असतो. ड्राइव्ह तो अर्धवट अवस्थेत उचलतं आणि डेटाबेस बिघडतो, आणि बिघडल्याचं लगेच लक्षात येत नाही. विंडोजवर हे फोल्डर तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये आपोआप बनतं. ते तिथेच राहू द्या.

*दुसरा इशारा:* सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. एका संगणकावर चुकून पुसलं की सिंक ते सगळीकडून पुसतं. आठवड्यातून एकदा झोटेरो बंद करून ते पूर्ण फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा. बंद करून, उघडं असताना नाही.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत सॉफ्टवेअर बसवायची परवानगी नसेल तर कनेक्टर थेट तुमच्या ऑनलाइन खात्यात नोंद जमा करू शकतो. उठताना खात्यातून बाहेर पडायला विसरू नका.

टप्पा ४: नोंदी आत आणणं

या टप्प्यावर सर्वांत जास्त वेळ द्या. इथे घातलेली दहा मिनिटं शेवटी दोन तास वाचवतात.

*इंग्रजी शोधनिबंध.* गूगल स्कॉलरच्या यादीतून थेट जमा करू नका. तिथली माहिती बऱ्याचदा अपुरी असते: खंड नाही, अंक नाही, डीओआय (लेखाचा कायमचा ओळख क्रमांक) नाही. शीर्षकावर क्लिक करून प्रकाशकाच्या पानावर जा आणि तिथे कनेक्टरचं बटण दाबा. डीओआय हाताशी असेल तर त्याहून सोपं: झोटेरोमधल्या जादूच्या कांडीच्या चिन्हावर क्लिक करून तो चिकटवा. पुस्तकांसाठी आयएसबीएन आणि वैद्यकीय लेखांसाठी पबमेडचा क्रमांकही तिथेच चालतो.

पूर्ण लेख उघडत नसेल तर आधी ग्रंथपालांना भेटा. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत १ जानेवारी २०२५पासून केंद्र आणि राज्य सरकारच्या उच्च शिक्षण व संशोधन संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं खुली झाली आहेत. खाजगी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी आपल्या संस्थेत आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयात काय मिळतं ते विचारून घ्यावं. काम असं वाटून घ्या: घरी बसून नोंदी जमा करा, कॉलेजच्या नेटवर्कवर गेल्यावर त्या नोंदी निवडून राइट क्लिक करा आणि 'फाइंड फुल टेक्स्ट' चालवा.

*आधीच साठलेल्या पीडीएफ.* शेकडो फाइली एकदम ओतू नका. वीस-वीसच्या गटाने घाला. झोटेरो फाइलीतला मजकूर वाचून नोंद स्वतः तयार करतं, पण फाइल स्कॅन केलेली असेल तर आत अक्षरं नसतात, फक्त चित्र असतं. अशा फाइलींची नोंद हातानेच करावी लागते. प्रत्येक गटानंतर नोंदीविना राहिलेल्या फाइली शोधून तिथल्या तिथे निकाली काढा.

*शोधगंगावरचे प्रबंध.* इथे प्रत्येक प्रकरणाची पीडीएफ वेगळी असते. प्रकरणाची फाइल झोटेरोत टाकली तर काहीही उपयोगी हाती लागत नाही. आधी 'थीसिस' प्रकाराची एक नोंद करा: संशोधकाचं नाव, शीर्षक, विद्यापीठ, वर्ष, पानाचा पत्ता. मग हव्या त्या प्रकरणांच्या फाइली त्या एकाच नोंदीला जोडा. प्रकरणागणिक नोंद केली तर सूचीत एकच प्रबंध पाच वेळा येतो.

*मराठी पुस्तकं.* जुन्या पुस्तकांना आयएसबीएन नसतो, त्यामुळे कांडी इथे चालत नाही. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात, जे १८९३पासून आहे, किंवा आपल्या कॉलेजच्या ग्रंथालयात बसून काम करत असाल तर शीर्षकपान आणि त्याची मागची बाजू, दोन्हींचे फोटो घ्या. मुखपृष्ठाचा फोटो पुरत नाही. आवृत्ती, पुनर्मुद्रण, प्रकाशकाचं गाव आणि वर्ष मागच्या बाजूला असतं. घरी आल्यावर त्याच दिवशी नोंद करा.

नोंद युनिकोड देवनागरीतच टाइप करा. श्रीलिपी, कृतिदेव किंवा शिवाजी फॉन्टमध्ये बनलेल्या पीडीएफमधून शीर्षक कॉपी करून चिकटवलं तर चौकटीत अगम्य इंग्रजी अक्षरं उतरतात. ती वर्डमध्ये फॉन्ट बदलून दिसायला ठीक होतात, म्हणून अनेक जण फसतात. पण शोध चालत नाही आणि सूचीचा वर्णक्रमही बिघडतो.

*शासन निर्णय.* 'रिपोर्ट' हा प्रकार घ्या. विभागाचं नाव लेखकाच्या जागी, शासन निर्णय क्रमांक अहवाल क्रमांकाच्या जागी, आणि पूर्ण तारीख. शासनाच्या संकेतस्थळावरचा सांकेतांक 'एक्स्ट्रा' चौकटीत लिहून ठेवा, तोच निर्णय पुन्हा शोधायला त्याचा उपयोग होतो.

*गॅझेटियर आणि जनगणना.* ठाण्यावर काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा तेरावा खंड लागतो. तो १८८२चा आहे आणि दोन भागांत आहे. भाग कोणता ते न लिहिता फक्त 'खंड १३' दिलं तर परीक्षकाला पान सापडणार नाही. पुनर्मुद्रण वापरलं असेल तर वर्ष पुनर्मुद्रणाचं घाला आणि 'एक्स्ट्रा' चौकटीत ओरिजिनल-डेट, कोलन, १८८२ असं लिहा. शब्द रोमन लिपीत आणि वर्ष इंग्रजी आकड्यांत. एपीए शैलीत मग दोन्ही वर्षं छापून येतात. जनगणनेबाबत एक गोष्ट टिपणात लगेच नोंदवा: २०११च्या जनगणनेतला ठाणे जिल्हा म्हणजे आजचे ठाणे आणि पालघर मिळून, कारण पालघर १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. आकडा आणि त्याची अट एकाच नोंदीत राहिली पाहिजे.

*चॅटबॉटने दिलेले संदर्भ.* हे आता फार वाढलं आहे. लेखकाचं नाव खरं, नियतकालिक खरं, पण लेख अस्तित्वातच नाही. चॅटबॉटकडून आलेला प्रत्येक डीओआय कांडीत घाला. नोंद आली तर शीर्षक जुळतंय का पाहा. डीओआय खरा आणि लेख भलताच, असंही होतं. लेख स्वतः उघडून वाचता आला नाही तर तो सूचीत घेऊ नका.

टप्पा ५: नोंद साफ करणं

प्रत्येक नोंद आत आली की लगेच पुढच्या गोष्टी पाहा.

१. प्रकार बरोबर आहे का. संपादित ग्रंथातला लेख हा 'बुक सेक्शन' असतो, 'बुक' नाही. वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावरून जमा केलेला लेख बऱ्याचदा 'वेब पेज' म्हणून येतो. तो 'न्यूजपेपर आर्टिकल' करा.

२. नाव बरोबर तुटलंय का. आडनाव पहिल्या चौकटीत, स्वतःचं आणि वडिलांचं किंवा पतीचं नाव दुसऱ्या चौकटीत. भारतीय नावं प्रकाशकांच्या संकेतस्थळांवरूनच उलटी येतात, हे गृहीत धरून चाला.

३. संस्था लेखक असेल तर नावाची एकच चौकट ठेवा. नावाच्या शेजारच्या चिन्हाने दोन चौकटींची एक करता येते. हे केलं नाही तर 'ठाणे महानगरपालिका' या नावाचे तुकडे होऊन एक भाग आडनाव बनतो आणि दुसऱ्याचं आद्याक्षर होतं. सूचीतली सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच आहे, आणि परीक्षकांच्या डोळ्यांत तीच पहिली भरते.

४. एकाच लेखकाचं नाव सर्व नोंदींत सारखं आहे का. एका नोंदीत 'पाटील एस.', दुसरीत 'पाटील सुनीता', तिसरीत 'पाटील एस. आर.' असेल तर सॉफ्टवेअर त्यांना तीन माणसं समजतं.

५. शीर्षक. इंग्रजी शीर्षकं लहान अक्षरांत, फक्त पहिलं अक्षर आणि विशेषनामं मोठी, अशी ठेवा. ज्या शैलीला मोठी अक्षरं हवीत ती आपोआप करते. उलटं मात्र नीट होत नाही. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी प्रजातींच्या नावांकडे लक्ष द्यावं. ठाणे खाडीच्या तिवरांवर काम करताना अ‍ॅव्हिसेनिया मरीना हे नाव शीर्षकात तिरकं हवं असतं, आणि त्यासाठी नोंदीतच नावाच्या आधी व नंतर एचटीएमएलचा इटॅलिक टॅग घालावा लागतो.

६. भाषेची चौकट भरा. मराठीसाठी 'एमआर', इंग्रजीसाठी 'ईएन', रोमन लहान अक्षरांत. ही चौकट रिकामी राहिली तर रोमन लिपीत लिहिलेल्या मराठी शीर्षकांनाही इंग्रजीचे नियम लागतात.

*तपासणी:* डाव्या बाजूच्या 'डुप्लिकेट आयटेम्स'वर क्लिक करा. दोन सारख्या नोंदी दिसल्या तर एक पुसू नका, दोन्ही एकत्र करा. पुसलेली नोंद तुम्ही प्रकरणात वापरली असेल तर तिचा दुवा तुटतो; एकत्र केली तर टिकतो.

मागे घेतलेल्या शोधनिबंधांवर झोटेरो लाल इशारा दाखवतं, त्यासाठी ते रिट्रॅक्शन वॉचची माहिती वापरतं. वैद्यकीय विद्यार्थ्यांनी तो इशारा कधीही डावलू नये.

टप्पा ६: मांडणी

प्रकरणानुसार कलेक्शन (लायब्ररीतला कप्पा) करा. एक नोंद अनेक कलेक्शनमध्ये राहू शकते, तिच्या प्रती बनत नाहीत. कलेक्शनमधून काढणं आणि कचऱ्यात टाकणं या वेगळ्या कृती आहेत. मेन्यू वाचून मगच क्लिक करा. टॅग मोजके ठेवा: 'वाचायचं', 'वाचलं', 'उद्धृत केलं', एवढे पुरतात.

टिपण काढताना एक शिस्त जरूर पाळा. लेखकाची वाक्यं जशीच्या तशी उतरवली तर अवतरणचिन्हं आणि पान क्रमांक त्याच क्षणी घाला. झोटेरोमध्येच पीडीएफ उघडून मजकूर रंगवला तर पान क्रमांक टिपणासोबत येतो. चार महिन्यांनी टिपण उघडल्यावर कोणतं वाक्य आपलं आणि कोणतं लेखकाचं हे आठवत नाही, आणि नकळत होणारी वाङ्मयचोरी इथूनच सुरू होते.

टप्पा ७: वर्डमध्ये उद्धृत करणं

१. पहिला संदर्भ घालताना शैली विचारली जाते. टप्पा १ मध्ये लेखी घेतलेलीच निवडा.

२. 'अ‍ॅड/एडिट सायटेशन' दाबा, लेखकाचं नाव टाइप करा, नोंद निवडा. एंटर दाबण्याआधी नोंदीवर क्लिक करून पान क्रमांक तिथल्या चौकटीत भरा. पान क्रमांक नंतर वर्डमध्ये कंसात टाइप केला तर तो पुढच्या वेळी पुसला जातो. 'पाटील यांच्या मते' असं वाक्यातच नाव आलं असेल तर त्याच चौकटीत लेखकाचं नाव वगळायची सोय आहे.

३. प्रत्येक प्रकरण वेगळ्या फाइलीत लिहायला हरकत नाही. सूची मात्र सर्व प्रकरणं एका फाइलीत आणल्यावरच काढा.

४. फाइल मोठी झाल्यावर प्रत्येक संदर्भाला वर्ड अडखळू लागलं तर 'डॉक्युमेंट प्रेफरन्सेस'मध्ये आपोआप ताजं करण्याचा पर्याय बंद करा. काम संपल्यावर 'रिफ्रेश' दाबा.

*इशारा:* वर्डची फाइल गूगल डॉक्समध्ये किंवा मोबाइलवरच्या एखाद्या ऑफिस अ‍ॅपमध्ये उघडून सेव्ह करू नका. संदर्भांमागचे दुवे जातात आणि कंसातला नुसता मजकूर उरतो. गाडीत वाचायचंच असेल तर पीडीएफ करून वाचा. खरोखर गूगल डॉक्सकडे जायचं असेल तर 'डॉक्युमेंट प्रेफरन्सेस'मधून दुसऱ्या वर्ड प्रोसेसरकडे नेण्याचा पर्याय आधी वापरा. मार्गदर्शकांना फाइल पाठवताना त्यांनी संदर्भांवर हाताने लिहू नये, शेजारी कॉमेंट टाकावी, अशी विनंती करा.

टप्पा ८: सूची वाचणं

'अ‍ॅड/एडिट बिब्लिओग्राफी'ने सूची काढा आणि ती छापून, पेन्सिल घेऊन वाचा. पडद्यावर चुका निसटतात. पुढच्या खुणा शोधा.

मजकुरात आडनावाआधी अचानक आद्याक्षर आलंय? एकाच लेखकाचं नाव दोन नोंदींत वेगळं लिहिलं गेलंय. वर्षापुढे 'ए', 'बी' लागलंय आणि तुम्ही त्या लेखकाचा एकच लेख वापरलाय? नोंद दुहेरी आहे. वर्षाच्या जागी 'एन. डी.' आलंय? तारखेची चौकट रिकामी आहे. सूचीत लेखकाऐवजी शीर्षकाने सुरू होणारी ओळ आहे? लेखक भरायचा राहिलाय. प्रत्येक वेळी लायब्ररीत जाऊन दुरुस्त करा, वर्डमध्ये येऊन 'रिफ्रेश' करा.

मराठी संदर्भांबाबत दोन अडचणी मात्र लायब्ररीतून सुटत नाहीत. पहिली म्हणजे 'इट अल' ('आणि इतर') किंवा संपादकासाठीची इंग्रजी संक्षेपरूपं देवनागरी नोंदीतही उमटतात, आणि देवनागरी नावांची आद्याक्षरं प्रत्येक शैलीत हवी तशी येतीलच असं नाही. दुसरी म्हणजे मराठी व इंग्रजी संदर्भ वेगळ्या शीर्षकांखाली हवे असतील तर सॉफ्टवेअर तशी विभागणी करत नाही. साधारणपणे रोमन लिपीतल्या नोंदी आधी आणि देवनागरीतल्या नंतर लागतात, त्यामुळे मध्ये फक्त उपशीर्षक घालायचं उरतं. ही दोन कामं शेवटच्या प्रतीत हाताने करा, आणि ती प्रत कशी बनवायची ते पुढे दिलं आहे.

टप्पा ९: साधर्म्य तपासणी, अंतिम प्रत आणि छपाई

सॉफ्टवेअर वापरलं म्हणजे वाङ्मयचोरीतून सुटलो, हा समज काढून टाका. यूजीसीच्या २०१८च्या नियमांप्रमाणे साधर्म्य (दुसऱ्यांच्या लिखाणाशी जुळणारा मजकूर) १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या मुदतीत सुधारित प्रत द्यावी लागते, ४० ते ६० टक्क्यांना एक वर्ष सुधारित प्रत देता येत नाही, आणि त्यापुढे नोंदणीच रद्द होते. श्रेय देऊन घेतलेली अवतरणं आणि संदर्भसूची या मोजणीत धरत नाहीत. पण लेखकाचा परिच्छेद शब्दशः उचलून खाली संदर्भ दिला आणि अवतरणचिन्हं दिली नाहीत, तर ते साधर्म्यात मोजलं जातं. टप्पा ६ मधली शिस्त इथे उपयोगी पडते.

अंतिम प्रत याच क्रमाने करा:

१. मूळ फाइलमध्ये शेवटचं 'रिफ्रेश' करा आणि सेव्ह करा.

२. 'सेव्ह अ‍ॅज' करून वेगळ्या नावाने दुसरी प्रत काढा. मूळ फाइल बंद करा.

३. दुसऱ्या प्रतीतच 'अनलिंक सायटेशन्स' दाबा. आता सगळे संदर्भ साधा मजकूर झाले. हे परत फिरवता येत नाही, म्हणूनच आधी प्रत काढायची.

४. 'आणि इतर', मराठी-इंग्रजी उपशीर्षकं, देवनागरी आद्याक्षरं या दुरुस्त्या या प्रतीत करा आणि त्यांची यादी कागदावर लिहून ठेवा.

५. पीडीएफ करा आणि तीच छापायला न्या. स्टेशनबाहेरच्या झेरॉक्स-बाइंडिंगच्या दुकानात वर्डची फाइल दिली की तिथल्या वर्डच्या आवृत्तीप्रमाणे मराठी फॉन्ट आणि पानांचे क्रमांक हलतात. सोनेरी अक्षरांचं बाइंडिंग झाल्यावर ते लक्षात येऊन उपयोग नसतो.

मूळ जोडलेली फाइल आणि झोटेरोची लायब्ररी तोंडी परीक्षा होऊन अंतिम निकाल हाती येईपर्यंत पुसू नका. बाहेरचे परीक्षक चार संदर्भ वाढवायला सांगतात तेव्हा ते मूळ फाइलमध्ये घाला, नवी प्रत काढून पुन्हा अनलिंक करा, आणि कागदावरच्या यादीप्रमाणे हाताच्या दुरुस्त्या परत करा.